पडद्याबाहेरचे हात

८ जानेवारी

ताई,

सोबतच्या खोक्यात एकतीस पेनड्राइव्ह आहेत, एकेका शाळेला एक. प्रत्येकात तुझे चोवीसच्या चोवीस धडे. मोजून घे, वाटेत एखादा कमी झाला तर मला बोल लावशील.

काम वाटलं होतं त्यापेक्षा किचकट निघालं. तुमच्या शाळांमधले ते पोट सुटलेले जुने टीव्ही आणि त्यांच्याखालचे प्लेअर! तुझ्या फाइली नव्या वळणाच्या. प्लेअरमध्ये घातल्या की तो थोडा वेळ विचार करतो आणि मग सरळ 'चालत नाही' म्हणून मोकळा होतो. म्हणून सगळ्या जुन्या फॉरमॅटमध्ये उतरवून घेतल्या. आमच्या दुकानाचे मालक म्हणाले, "हे म्हणजे नातवाचं बोलणं आजोबांना कळेल असं करून सांगणं." आता कुठल्याही खटाऱ्यावर चालतील.

आणि पडदा कसा काठोकाठ भरून दिसतेस! वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवलेल्या नाहीत. त्या पट्ट्या दिसल्या की गिऱ्हाईक टीव्ही बिघडला म्हणून आमच्या काउंटरवर येऊन भांडतं, म्हणून आम्ही त्या येऊच देत नाही. निळी साडी तुला शोभते. आई तर स्क्रीनला हात लावून आली.

पोचल्याचं कळव.

तुझी धाकटी

२१ जानेवारी

प्रिय धाकटे,

एकतीस भरले. काल सगळे रवाना केले.

फोनवर निरोप पाठवत जा, पत्र कशाला, असं तू मागे म्हणाली होतीस. फोनवर तू दोन ओळींत निसटतेस. मला ऐकू येत नाही, तुला खुणा येत नाहीत. लहानपणापासून आपल्या दोघींमध्ये कागदच आहे. तो राहू दे. शिवाय तुझं अक्षर बघून तू घाईत आहेस की नाही ते मला कळतं. या वेळी घाईत होतीस.

मी स्वतः धडे पाहिलेले नाहीत. स्वतःला बघायचं म्हणजे मला अवघडल्यासारखं होतं. पण संचालक फार खूश आहेत. आमच्या शाळेत खुणांची भाषा शिकवणाऱ्या आम्ही दोघीच; लांबच्या वसतिगृहांमध्ये तर कुणीच नाही. तिथली मुलं आणि त्यांना सांभाळणारी माणसं आता या धड्यांवरून शिकतील. बावीस वर्षं एका खोलीत शिकवलं, आता एकतीस खोल्यांमध्ये शिकवणार. हुरळून गेले आहे, हसू नकोस.

एक विचारू? तू सगळे पाहिलेस का? काही समजलं का?

ताई

३० जानेवारी

ताई,

हो तर! सगळे पाहिले. पहिल्यापासून शेवटपर्यंत. समजलं असं नाही म्हणणार, पण मजा आली. तुझे हात किती भराभर चालतात! आईला विचारत होते, ती सांगत होती.

दुकानात सध्या जुन्या कॅसेटी उतरवून द्यायचं काम तुंबलंय, त्यामुळे लिहायला उशीर झाला. बाकी ठीक.

धाकटी

१७ मे

प्रिय धाकटे,

तीन महिने लिहिलं नाही. आता लिहिते आहे ते चांगलं नाही.

आमच्या एकतीसपैकी एका शाळेच्या वसतिगृहात नऊ वर्षांची एक मुलगी आहे. या वर्षीच आली. तिथे मुलांना सांभाळायला एक मावशी आहेत, त्यांना ऐकू येतं. त्या माझ्याच धड्यांवरून खुणा शिकल्या, आणि मन लावून शिकल्या. दुपारी मुलं शाळेत गेली की टीव्हीसमोर बसून वही काढायच्या.

गेल्या महिन्यात त्या मुलीच्या पोटात दुखायला लागलं. ती मावशींकडे गेली आणि खुणेनं सांगितलं, दुखतंय. ही खूण अशी: दोन्ही हात अंगापासून चांगले लांब न्यायचे, तर्जन्या समोरासमोर धरायच्या आणि झटक्यानं एकमेकींकडे आणायच्या, दोनदा. 'भेटणं' याची खूण याच दोन बोटांची आहे, पण ती छातीजवळच, हळूच बोटं जवळ आणून होते. मावशींनी वाचलं, भेटायचंय. मूल नवीन, घरची आठवण येत असणार. त्यांनी तिला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि सांगितलं, आई रविवारी येईल. पोरीनं पुन्हा सांगितलं. यांनी पुन्हा रविवार सांगितला. पोटावर हात ठेवून दाखवलं तेव्हा भूक लागली म्हणून दूध दिलं. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ती वर्गात पडली. आतडं फुटायच्या बेतात होतं. ऑपरेशन झालं, वाचली. आता बरी आहे. टाक्यांची खूण दाखवत फिरते, असं कळलं.

मावशी रडून रडून सांगत होत्या की मी तर धड्यात आहे तसंच वाचलं. म्हणून संचालकांनी कचेरीत टीव्ही लावून चौदावा धडा सगळ्यांना दाखवला. मीही तेव्हा तो पहिल्यांदा पाहिला. 'दुखणं' करताना माझे हात पडद्यातून बाहेर जातात, धाकटे. दोन्ही बाजूंनी. दिसतात ती फक्त शेवटी जवळ आलेली बोटं. खाली शब्द लिहिलेला आहे, पण खूण 'भेटणं'सारखीच दिसते. मग आणखी धडे लावले. पंधरा-वीस खुणा अशाच, बिनहाताच्या.

संचालक ओरडले नाहीत. त्यांनी लिहून दिलं, "तुम्ही हात फार पसरता. कॅमेऱ्यासमोर असताना मर्यादेत राहायला हवं होतं." खरं आहे. लहानपणापासून हेच ऐकलं, म्हणजे पाहिलं. दुसऱ्या भागाचे धडे आता माझी सहकारी करणार आहे.

मी रोज आरशासमोर ओढणीनं दोन्ही कोपरं अंगाला बांधून सराव करते. तसं बोलता येतं, पण ते तोंडात घास ठेवून बोलल्यासारखं होतं. त्या मुलीला भेटायला जायचं धाडस अजून झालेलं नाही.

आईला यातलं सगळं सांगू नकोस.

ताई

२५ मे

ताई,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. पण पोरगी बरी आहे ना, मग तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. सगळं खापर स्वतःच्याच डोक्यावर फोडून घ्यायची तुझी सवयच आहे.

मला विचारशील तर कॅमेरा जवळ लावला असेल. तुमचे कॅमेरेवाले काका आता वयस्कर झालेत, त्यांच्याकडून राहिलं असेल. त्यात तुझा काय दोष? ते ओढणी बांधणं आधी बंद कर.

दुकानात फार गडबड आहे. आई बरी आहे.

धाकटी

६ जून

प्रिय धाकटे,

तू म्हणालीस म्हणून मी कॅमेरेवाल्या काकांना विचारलं. म्हणजे कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरलं: कॅमेरा जवळ होता का? त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. मग माझ्याच कागदाखाली लिहिलं, "तीस वर्षं कॅमेरा धरतोय. तुमच्या हातांसाठीच मी त्या दिवशी दोन पावलं मागे सरकलो होतो. भिंतीला पाठ लागली होती माझी." आणि निघून गेले. त्यानंतर समोर आले तरी मान वळवतात.

माझ्या डोळ्यांसमोरही तेच येतंय. ते भिंतीला टेकून उभे होते.

कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली फक्त तुझ्याकडे आहेत, इथल्या पुसून टाकल्या. चौदाव्या धड्याची मूळ फाइल मला पाठव. एकदा बघू दे, मी हात कुठे ठेवले होते.

ताई

१९ जून

ताई,

फाइल पाठवलेली नाही. आधी हे वाच.

मूळ फाइलमध्ये तुझे हात आहेत. दोन्ही, बोटांच्या टोकांपर्यंत, आणि त्यांच्या पलीकडे वीतभर भिंतही आहे. तू मर्यादेतच होतीस. काका मागे सरकले होते. हात मी कापले.

कसे ते सांगते. तुझं चित्रण रुंद आहे, आणि त्या जुन्या टीव्हीचा पडदा जवळजवळ चौकोनी. रुंद चित्र चौकोनात बसवायचं तर एक तर ते लहान करून वर-खाली काळ्या पट्ट्या सोडाव्या लागतात, नाहीतर चित्र मोठं ठेवून दोन्ही कडा छाटाव्या लागतात. एका बटणाचा प्रश्न. मी छाटायचं बटण दाबलं आणि चोवीस फाइली एकदम रांगेला लावल्या. इथे मी मालकांबद्दल एक वाक्य लिहिलं होतं, ते खोडलंय. दिसतंय ना खोडलेलं? पट्ट्या नकोत हे दुकानाचं वळण आहे, पण बटण माझ्या बोटानं दाबलं गेलं.

अजून आहे. मी सगळे धडे पाहिले नव्हते. एकेका धड्याचं पहिलं मिनिट आणि शेवटचं मिनिट पाहिलं, चित्र हलतंय ना, रंग बरोबर आहेत ना एवढंच. शेवटी तू नमस्कार करतेस, तेव्हा हात मध्येच असतात. पण तिसऱ्या धड्यात थोडी जास्त थांबले होते आणि तिथे तुझा डावा हात कडेला जाऊन नाहीसा झालेला मी पाहिला, ताई. पाहिला आणि वाटलं, तेवढ्यानं काय बिघडतंय, चेहरा तर दिसतोय. एखाद्या बोलणाऱ्या बाईच्या धड्यातला आवाज मध्येच गेला असता तर मी काम थांबवलं असतं. हे माझ्या लक्षात यायला एक पोर मरता मरता वाचावी लागली.

तुझं मेचं पत्र आलं त्याच दिवशी मी दोन्ही फाइली शेजारीशेजारी लावून पाहिल्या. मला कळलं. कळल्यावर चार दिवसांनी मी तुला लिहिलं की काकांनी कॅमेरा जवळ लावला असेल. हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळला नाही. अक्षर बघ, सरळ आहे.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तिला लिहिलंस?"

"लिहिते."

"लिहिते नको. लिही." आणि मग जरा वेळानं, "तुझ्या बक्षीस समारंभाचं आठवतंय?"

मला वाटायचं ते फक्त मलाच माहीत आहे. मी सातवीत होते, तू सुट्टीला घरी आली होतीस. सगळे जाणार होतो. मी तुझ्या हातात चिठ्ठी दिली होती: 'तिथे हात मांडीवर ठेव, माझ्या मैत्रिणी बघतील.' तू दोन तास हात मांड्यांखाली दाबून बसलीस. मला बक्षीस मिळालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तू नाही वाजवल्यास. मी घरी येऊन आईकडे तुझी तक्रार केली की ताईला माझं कौतुकच नाही.

ओढणी सोड, ताई. हात जोडून सांगते.

धाकटी

१० जुलै

धाकटे,

पत्र मिळालं. उत्तराला वेळ लागला कारण तीनदा लिहून फाडलं.

कडा कापल्याचा राग आहे, पण तो जाईल. चूक माणसाकडून होते. मी तुला सरळ विचारलं होतं, पाहिलेस का, आणि तू म्हणालीस पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुझे हात किती भराभर चालतात, असंही लिहिलंस. ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं होतं. आपल्या घरात माझ्या हातांबद्दल कुणी चांगलं लिहिलेलं ते पहिलंच होतं. त्याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

चिठ्ठीचं मला आठवतंय. त्यावर काही लिहीत नाही.

संचालकांना तू कळव. मी कळवणार नाही. काकांनाही तूच सांग, आणि कागदावर नाही, जाऊन. त्यांना ऐकू येतं.

ताई

२८ जुलै

ताई,

संचालकांना पत्र लिहिलं. तुझ्या हातांचा काही दोष नाही, हे पहिल्याच ओळीत. सोबत दोन्ही फाइलींमधलं एकाच क्षणाचं चित्र छापून जोडलं. त्यांचं उत्तर आलं, ते तुला दाखवतीलच. माझ्याबद्दल त्यांनी जे लिहिलंय ते योग्य आहे.

परवा काकांकडे जाऊन आले. जिन्यात दोनदा परत फिरले. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं. मी काकांना उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "फाइल आणलीयेस?" मी आणली होती. त्यांनी लावली, चौदावा धडा सगळा पाहिला, आणि काकूंना हाक मारली. "ये, बघ. दिसतायत ना हात?" काकू म्हणाल्या, "दिसतायत की." "मग झालं," म्हणाले. मला म्हणाले, "तू बस आता. केव्हाची उभी आहेस." मला बसवेना. एका म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या कामाचा पुरावा बायकोला दाखवावा लागला, तो माझ्यामुळे.

चोवीस धडे नव्यानं करायला घेतले आहेत. या वेळी पट्ट्या सोडून, पूर्ण रुंदी ठेवून. पण दुकानातल्या कॉम्प्युटरवर बरोबर दिसणारं चित्र जुन्या टीव्हीवर लावलं तर तो टीव्ही स्वतःच चारी कडांनी बोटभर खातो! मालकांनी मागच्या खोलीतला एक जुना टीव्ही मला काढून दिला. त्याच्या काचेवर मी चिकटपट्टी लावून घेतली आहे, किती खातो ते मोजायला. आता चित्र आणखी थोडं लहान करते आहे, म्हणजे त्यानं खाल्लं तरी तुझी बोटं शिल्लक राहतील. मालक बघून गेले आणि म्हणाले, "पट्ट्या केवढ्या जाड आल्यात." मी म्हटलं, "येऊ द्यात."

प्रत्येक धडा पूर्ण बघते. सेकंदा-सेकंदानं थांबवून बोटं मोजते. एका दिवसात एकच धडा होतो. पण एक अडचण आहे, आणि ती लिहायची लाज वाटते. हात दिसतोय हे मला कळतं. पण खूण पूर्ण झाली की नाही, हे मला कळत नाही. मला तुझी भाषा येत नाही. अडतीस वर्षांची झाले. परक्या देशातली गाणी मला पाठ आहेत.

धाकटी

५ ऑगस्ट

धाकटे,

नवीन फाइली अशाच टप्प्याटप्प्यानं पाठवत राहा. मी तपासून कळवीन. पहिल्या पाच पाहिल्या, ठीक आहेत. सहाव्यात उजवीकडे अजून अर्धं बोट जातं.

संचालकांनी दुसरा भाग पुन्हा माझ्याकडे दिला. तुझं पत्र त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि खाली पाहत राहिले. ओढणी आता ओढणीच्याच कामाला आहे.

नुसते पेनड्राइव्ह बदलून भागणार नाही. सहा महिने मुलांनी जे पाहिलं ते त्यांच्या हातांत बसलंय. सगळ्या शाळांमध्ये जाऊन मला सांगावं लागेल की ते चुकीचं होतं. सुरुवात त्या मुलीच्या शाळेपासून, २० तारखेला. तू यायचं. चुकीचं काय होतं ते मी सांगेन. कुणी केलं ते तू सांगायचं, त्यांच्या भाषेत. चार वाक्यं आहेत. सोबतच्या कागदावर हातांची चित्रं काढून दिली आहेत, बाण बघून सराव कर.

हे तुला माफ केलंय म्हणून नाही. मुलांना खरं माहीत असावं म्हणून.

ताई

२३ ऑगस्ट

ताई,

तू स्टेशनपर्यंत सोडायला आलीस, हातात हात घेऊन उभी राहिलीस आणि मला काही लिहायला सुचलं नाही. आता लिहिते.

दहा दिवस आरशासमोर सराव केला होता. आई समोर बसून चुका काढायची. तिला तर तुझ्या लहानपणच्याच खुणा येतात, तरी माझ्यापेक्षा बऱ्या. 'मी हिची बहीण. तुमचे धडे मी केले. मी हात कापले. मला माफ करा.' झोपेतही जमेल असं वाटत होतं.

त्या वर्गात शिरले आणि बावीस जोडी डोळे माझ्या हातांवर आले. तोंडाकडे कुणी बघेचना! मी आयुष्यभर बोलून वेळ मारून नेली आहे. तिथे बोलण्याचा काही उपयोग नव्हता. पहिली दोन वाक्यं गेली. तिसरं केलं आणि सगळा वर्ग हसला. लोळून हसला. तू पण तोंड फिरवलंस, मी पाहिलं. मग ती मुलगी उठली, माझ्यासमोर आली, माझी मनगटं धरली आणि माझे हात जसे हवेत तसे करून दाखवले. एवढीशी बोटं, पण पकड घट्ट. नंतर तू लिहून दाखवलंस तेव्हा कळलं की मी 'हात कापले' ऐवजी 'हात धुतले' म्हणाले होते.

मग मी नीट केलं. हसणं थांबलं.

चौथं वाक्य मला जमलं नाही. चित्रात होतं तसे हात वर नेले आणि ती पोर इतक्या जवळ उभी होती की मला पुढचं आठवेना. ती पोटावरचा फ्रॉक वर करून मला टाके दाखवत होती. तक्रार म्हणून नव्हे गं, कौतुकानं, नवीन बूट दाखवावेत तसे. मला त्याकडे बघता आलं नाही. मावशी दारात उभ्या होत्या, त्या डोळे पुसत होत्या. मी त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं, "तुमचं काहीच चुकलं नव्हतं." त्या म्हणाल्या, "पोरगी दोनदा माझ्याकडे आली होती हो. मी दोनदा परत पाठवली." त्यांच्या मनातून ते कोण काढणार? मी माझी चूक कबूल करून मोकळी झाले, त्या झाल्या नाहीत.

निघताना मुलं माझ्याकडे बोट करून एकमेकांना एक खूण करत होती. दोन बोटं मनगटावर, कात्री चालवल्यासारखी. मला कात्री कळते, ताई. ती चिडवत होती ना? चिडवू देत. माझी त्याला हरकत नाही. फक्त तू त्यांना रागावली नाहीस, याचं जरा लागलं. लागायचा हक्क नाही, तरी लागलं.

धाकटी

१ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

मुलं चिडवत नव्हती.

बहिऱ्या माणसांमध्ये प्रत्येकाला खुणेतलं एक नाव असतं. कागदावरचं नाव बोटांनी एकेक अक्षर करत कोण बसणार? ते नाव आपण आपलं ठेवायचं नसतं. कुणीतरी बहिरं माणूस देतं, बघितल्यावर जे नजरेत भरेल त्यावरून. मावशींचं नाव 'वही'. संचालकांचं 'टक्कल', ते त्यांना माहीत आहे. तुझं नाव त्या मुलीनं ठेवलं. तू बाहेर पाणी प्यायला गेलीस तेव्हा तिनं मला विचारलं, कात्री परत येणार आहे का? मी म्हटलं, कोण कात्री? ती म्हणाली, तुझी बहीण.

मी रागावले नाही, कारण नाव ठेवताना रागवत नाहीत. दुसरं सुचवलंही नाही. एकदा पडलेलं नाव बदलत नाही. बोचेल, पण आता ते तुझं आहे. ज्यांना आम्ही पुन्हा बघणार नाही, त्यांना नाव देण्याचे कष्ट आम्ही घेत नाही.

अजून तीस शाळा आहेत. पुढची १५ तारखेला. चौथं वाक्य पाठ करून ये.

ताई

६ सप्टेंबर

ताई,

येते. १५ला, आणि पुढच्याही सगळ्या शाळांना. मालकांकडून दर पंधरवड्याला एक दिवस मागून घेतला आहे.

नाव घेतलं. आईला करून दाखवलं, तर ती आधी हसली आणि मग म्हणाली, "बरोबर ठेवलंय." कालपासून ती मला तशीच हाक मारते, मी पाठमोरी असले तरी. मग मला दिसत नाही आणि ती वैतागते. मला वाटतं, तुझं लहानपण तिला आता आठवतंय.

एक विचारायचं आहे, आणि पत्र लिहायला बसल्यापासून ते पुढे ढकलते आहे. त्या वर्गातली मुलं तुलाही एका खुणेनं हाक मारत होती. कपाळापाशी काहीतरी होतं. मी मुद्दाम नीट पाहिलं नाही, कारण बघून कळलं नसतं तर तुला विचारावं लागलं असतं. आम्ही घरात सगळे तुला 'ताई' म्हणत आलो, तोंडानं, जे तुला कधीच ऐकू आलं नाही. शाळेतून सुट्टीला घरी यायचीस तेव्हाही तुला हे नाव असणार. निदान तीस-पस्तीस वर्षं. आम्ही कुणी विचारलं नाही. मी विचारलं नाही.

ताई, तुझं नाव काय आहे?

लिहून पाठवू नकोस. चित्रही काढू नकोस. मी १५च्या आधीच, येत्या रविवारी येते, तेव्हा दारातच दाखव.

धाकटी